चेहरा सगळ्यात शेवटी

जयपूर, ९ जुलै २००७

तीर्थस्वरूप सर,

कौमुदीचा साष्टांग नमस्कार.

कोण कौमुदी असं तुम्ही म्हणाल, म्हणून आधी ओळख देते. १९७९ सालच्या आठवी 'ब'मधली कौमुदी शेंडे. तुम्ही आम्हाला चित्रकला शिकवायचात. एकदा माझी वही सगळ्या वर्गाला दाखवून म्हणाला होतात, "बाकीच्यांनी गाढव काढलंय. हिच्या गाढवाला घरी जायचंय." मुलं हसली, मी रडले, आणि ती शाबासकी होती हे घरी पोचल्यावर कळलं. तुमचा पत्ता फलटणलाच असलेल्या माझ्या वर्गमैत्रिणीकडून, विमलकडून मिळाला. फोन नंबरही तिने दिला, पण म्हणाली, सरांना हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही, पत्रच लिही.

माझे यजमान दिलीप विमा कंपनीत आहेत. दोन वर्षांपूर्वी बदली होऊन आम्ही जयपूरला आलो. त्यांचं ऑफिस झालाना भागात, घर दुर्गापुऱ्यात. इथे आमच्यासारखी बरीच मराठी घरं आहेत आणि सगळ्यांचं दुखणं एकच, मुलांचं मराठी सुटत चाललंय. माझा वरुण अकरा वर्षांचा. परवा आजीला फोनवर म्हणाला, "आजी, मला तुझी याद येते." आजी म्हणाली, बाळा, येते ते कळलं, बाकी जाऊ दे.

म्हणून गेल्या वर्षापासून मी दर रविवारी सकाळी दहाला घरीच मराठीचा वर्ग घेते. चौदा मुलं येतात. मी गोष्ट वाचून दाखवते आणि मग त्यातल्या माणसाबद्दल लिहायला सांगते. मागच्या रविवारी मीच रचलेली एक गोष्ट घेतली. मीराबाई नावाची म्हातारी, रोज बसथांब्यावर माठ घेऊन बसते आणि उतारूंना पाणी देते, पण माठाला कुणाला हात लावू देत नाही. चौदा वह्यांत एकच वाक्य आलं: "मीराबाई दयाळू, प्रेमळ व कष्टाळू होती." दुसऱ्या कुठल्या गोष्टीतला शिपाई असता तर तोही दयाळू, प्रेमळ व कष्टाळूच झाला असता.

मुलांना शब्द कमी येतात, पण चित्रं सगळीच काढतात. माणूस कसा आहे हे चित्रातून शिकवता येईल का? तुम्ही गाढवाचं जे केलंत ते मला माणसाचं करायचंय. कसं करू, सांगाल का?

तुमची विद्यार्थिनी,
कौमुदी


फलटण, २३ जुलै २००७

चि. सौ. कौमुदी,

अनेक आशीर्वाद. गाढव आठवलं. मुलगी आठवायला थोडा वेळ लागला, राग मानू नकोस. अडतीस वर्षं शिकवलं, चेहरे एकमेकांत मिसळतात.

पहिली गोष्ट, चेहरा काढू द्यायचा नाही. मुलं चेहरा काढतात, त्यात हसरं तोंड काढतात आणि झालं म्हणतात. हसरं तोंड म्हणजे तुझं ते 'दयाळू, प्रेमळ'. आधी हात काढायला सांग. हातात काय आहे, ते कसं धरलंय. मग पाय. मग ती कुठे बसते, कशाकडे तोंड करून बसते. चेहरा सगळ्यात शेवटी, आणि तोही हवाच असेल तर.

दुसरी गोष्ट. प्रत्येक रेघेला गोष्टीतलं वाक्य मागायचं. "मीराबाईची पाठ वाकलेली का?" मुलाने गोष्टीत बोट ठेवून दाखवावं. वाक्य नसेल तर रेघ खोडायची. उगीच भांडेल, भांडू दे. भांडताना तो गोष्ट तिसऱ्यांदा वाचतो.

चित्र झाल्यावर मगच लिहायला बसव. 'होती' हे क्रियापद बंद. मीराबाई काय करते तेवढंच लिहायचं.

कागद कसले वापरतेस? तुमच्याकडे सांगानेरला हातकागद होतो असं ऐकलंय.

तुझ्या वर्गात कोण कोण मुलं आहेत? नावं, वयं कळव. म्हणजे मला सांगायला सोपं जाईल. जयपूरला मराठी घरं साधारण कुठल्या भागात आहेत?

पंढरीनाथ कुलकर्णी


जयपूर, २७ ऑगस्ट २००७

तीर्थस्वरूप सर,

साष्टांग नमस्कार. तीन रविवार तुमच्या पद्धतीने घेतले, म्हणून उत्तराला उशीर झाला.

चेहरा काढायचा नाही म्हटल्यावर संकेत म्हणाला, "मतलब भूत काढायचं?" पण मग जे सुरू झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. कीर्तीने मीराबाईच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला काढल्या. मी वाक्य मागितलं. तिने बोट ठेवलं: 'माझं काय, चालतंय.' म्हणाली, "जी असं बोलते तिच्याकडे जोडीच्या चपला नसणार." मग वहीत लिहिलं: 'मीराबाई स्वतःच्या पायांकडे बघत नाही.' सर, दहा वर्षांच्या मुलीने लिहिलंय हे.

आणि तनया. हिने मीराबाई पाठमोरी काढली, रस्त्याकडे तोंड करून. म्हटलं, वाक्य दाखव. तिने दाखवलं: 'मीराबाई रोज येणाऱ्या बस मोजते.' मी विचारलं, त्याचा पाण्याशी काय संबंध? ती म्हणाली, "पाणी तर ऐसेच आहे, मावशी. तिचं कुणीतरी येणार आहे. मतलब, आलं नाही अजून." गोष्ट मी रचली, पण हे मला सुचलं नव्हतं.

मुलांची यादी वेगळ्या कागदावर जोडली आहे. बहुतेक घरं दुर्गापुरा आणि मालवीयनगरात. कुलकर्णीच तीन घरं आहेत. तनयाही कुलकर्णीच, वय नऊ. तिचे वडील शुभंकर सीतापुऱ्याच्या एका कारखान्यात इंजिनियर आहेत, आई अलका घरी असते. पोरीला मराठी कमी येतं आणि म्हणूनच की काय, ती सारखी चित्रं काढते. डावखुरी आहे. पेन्सिल आडवी धरून घासते, टोकाने काढतच नाही.

सांगानेरच्या कागदाचे कातरलेले तुकडे एक ओळखीचे कारखानदार फुकट देतात. सोबत दोन पाठवते, हात लावून बघा.

कौमुदी


फलटण, ११ सप्टेंबर २००७

चि. सौ. कौमुदी,

आशीर्वाद. कागद मिळाला. खरखरीत आहे, कोळशाला चांगला.

त्या डावखुऱ्या मुलीची पेन्सिल सरळ करायला जाऊ नकोस. आडवी धरणाऱ्याला उजेड-सावली आधी दिसते, रेघ नंतर. काही घराण्यांत हे असतं.

आता पुढचा धडा. गोष्टीतला माणूस पुरे झाला, घरातला काढू दे. आई, वडील, कोणीही एक. तो माणूस रोज किंवा दर आठवड्याला करतो असं एक काम, जे त्याने कुणाला सांगितलेलं नाही पण मुलाने पाहिलेलं आहे. तेच चित्र. खाली तीन वाक्यं.

झालेली चित्रं माझ्याकडे पाठव. सगळी पाठव. तपासून परत करीन.

मुलगी खोडकर आहे का शांत आहे?

पंढरीनाथ कुलकर्णी


जयपूर, १५ ऑक्टोबर २००७

तीर्थस्वरूप सर,

साष्टांग नमस्कार. चौदा चित्रं सोबत आहेत. घडी पडू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांमध्ये घातलीत.

आमच्या वरुणने माझंच चित्र काढलंय. मी गॅससमोर उभी आहे आणि ओट्यावर मराठी वर्तमानपत्राचा तुकडा आहे, पुण्याहून आलेल्या चिवड्याच्या पुडीचा. खाली लिहिलंय, 'आई पुडीचा कागद फेकत नाही. आधी वाचते. त्यात जुनी बातमी असते.' मला वाटायचं, मी हे कुणाच्या नकळत करते.

तनयाच्या चित्राबद्दल मात्र सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला कळणार नाही. तिने वडील काढलेत. खुर्चीत बसलेले, कानाला टेलिफोन. तोंड काढलेलं नाही. मी म्हटलं, "चेहरा नको म्हणाले होते ते गोष्टीत. इथे काढलास तरी चालेल."

"काढलाय ना. पण तोंड बंद आहे. बंद तोंड कसं काढायचं?"

"फोनवर बोलताना तोंड बंद कसं असेल?"

"पप्पा बोलत नाहीत. संडेला सकाळी फोन लावतात आणि फक्त ऐकतात. मग ठेवतात."

"कुणाला लावतात?"

"पता नाही. मी एकदा जवळ गेले होते. तिकडून कोणी बुजुर्ग बोलत होते. जोरात. हॅलो, हॅलो, मोठ्याने बोला. पप्पांनी ठेवून दिला. मग मला इथे सोडायला आले."

खाली तिने तीन वाक्यं लिहिलीत. 'पप्पा संडेला फोन करतात. पप्पांना बोलायचं आहे. पप्पांना पहिला शब्द येत नाही.' शेवटचं वाक्य मी तपासलं नाही. माझ्या वर्गातल्या मुलांचं नेहमी असंच होतं, पहिला शब्द येत नाही. ती वडिलांनाही आपल्यासारखंच समजते, असं वाटलं.

तुम्ही विचारलंत, खोडकर का शांत. शांत आहे. पण हसते तेव्हा मागे रेलून हसते.

चित्रांची वाट बघते.

कौमुदी


जयपूर, १० डिसेंबर २००७

तीर्थस्वरूप सर,

साष्टांग नमस्कार. दोन महिने होत आले, तुमचं पत्र नाही. दिवाळीचं कार्ड पाठवलं होतं, त्याचंही उत्तर नाही. प्रकृती बरी आहे ना? विमलला फोन केला, तर ती म्हणाली की सर दिसतात, देवळापर्यंत फिरायला जातात. मग मनात आलं, चित्रं आवडली नाहीत का?

इकडे माझ्या हातून एक चूक झाली आहे. दिवाळीनंतरच्या रविवारी तनयाचे वडील तिला न्यायला आले. एरवी खालीच स्कूटरवर थांबतात, त्या दिवशी वर आले. म्हणाले, "हिने माझं कसलंसं चित्र काढलंय म्हणे. बघायला मिळेल?"

मी म्हटलं, चित्रं माझ्या सरांकडे फलटणला पाठवली आहेत तपासायला.

"फलटणला? कुठले सर?"

"कुलकर्णी सर. चित्रकलेचे होते आम्हाला."

ते दारातच उभे राहिले. मग विचारलं, "पोचलं त्यांना?"

"पोचलं असणार."

त्यांनी तनयाचं दप्तर उचललं आणि जिना उतरले. तेव्हापासून पोर वर्गाला आलेली नाही. चार रविवार झाले. मी फोन केला, तर अलका म्हणाली, तिला बरं नाही. पण आवाज ओशाळलेला होता.

त्यांचं बरोबरच आहे. घरातली खाजगी गोष्ट पोरीने चित्रात काढली आणि मी ती परक्या माणसाकडे पाठवली. मला आधी सुचायला हवं होतं. तनयाचं चित्र तेवढं परत पाठवा, मी स्वतः नेऊन देते आणि माफी मागते.

कौमुदी


फलटण, २८ डिसेंबर २००७

चि. सौ. कौमुदी,

आशीर्वाद. तू कुणाची माफी मागायची नाहीस. मागायची ती मी, तुझी.

तनया माझी नात आहे. शुभंकर माझा मुलगा. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा पाकिटावर जयपूरचा शिक्का बघून माझा हात थांबला. आत मराठी मुलांच्या वर्गाबद्दल वाचलं आणि मी तुझ्याकडून नावं मागवली. नात नऊ वर्षांची आहे आणि नाव तनया आहे, एवढंच अलकाच्या मामांकडून मला कळलेलं होतं. तुझ्या यादीत ते सापडलं. घरातला माणूस काढायला लाव, हे मी धडा म्हणून सांगितलं, पण मला माझ्या मुलाची खबर हवी होती. एका लहान पोरीच्या हातून मी ती काढून घेतली. शिक्षकाने असं करू नये.

चार वर्षांपासून दर रविवारी सकाळी माझा फोन वाजतो. मी उचलतो, हॅलो म्हणतो, पलीकडून काही येत नाही. मला वाटायचं, कानच गेले. डॉक्टरांकडून यंत्र आणलं, तरी काही ऐकू येईना, म्हणून ते पेटीत ठेवून दिलं. तनयाचं चित्र बघितल्यावर ते परत काढून लावलं. त्या रविवारी फोन वाजला. मला श्वास ऐकू आला. मी त्याचं नाव घेतलं नाही. मलाही पहिला शब्द आला नाही.

आता जे झालं ते सांगतो. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

१९९८ च्या मार्चमध्ये माझी पत्नी रत्नमाला आजारी पडली. साताऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, फार तर चार महिने. मी नळावर तोंड धुऊन आत गेलो. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "किती म्हणाले?" तिच्यापासून मला कधी काही लपवता आलं नाही.

तेव्हा शुभंकर आणि अलका जयपूरला नवीन होते. अलकाला सातवा महिना लागत होता. आधीचं मूल सहाव्यात गेलेलं. या खेपेला तिला पलंगावरून उतरायची मनाई होती. तिला आई नाही. घरात दोघंच, तिचं सगळं शुभंकर करायचा. रत्नमाला म्हणाली, "त्याला कळलं तर तो मिळेल त्या गाडीने निघेल, तिला एकटी टाकून. तिकडे काही झालं तर तो जन्मभर स्वतःला खात बसेल. बाळंतपण होऊ द्या. मग बोलवा. तोवर मी थांबते."

मला वाटलं, थांबेल. तिने ठरवलं ते ती करायचीच. शुभंकर आठवड्याला फोन करायचा. मी सांगायचो, आई देवळात गेलीय, शेजारी गेलीय, झोपलीय. पाच आठवडे मी त्याच्याशी खोटं बोललो. पाच आठवड्यांत ती गेली.

तो पोचला तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. उन्हाळ्याचे दिवस, थांबणं शक्य नव्हतं. तो ओसरीवर उभा राहून म्हणाला, "मला का नाही बोलावलंत?" मी काय सांगणार होतो? तुझ्या बायकोसाठी, तुझ्या होणाऱ्या मुलासाठी तुझी आई तुला न भेटता गेली, असं? ते घेऊन तो त्या दोघींकडे परत गेला असता. त्या पोराकडे बघताना दर वेळी त्याला तेच आठवलं असतं. म्हणून मी म्हणालो, "तू येऊन काय केलं असतंस?"

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि त्याचा चेहरा मी पाहिला. तिसऱ्या दिवशी तो अलकाकडे परत गेला. मुलगी झाल्याचं कळल्यावर मी पत्र लिहिलं, त्याला उत्तर आलं नाही. मग मीही लिहिलं नाही. त्याचा राग माझ्यावर राहिला तर बाकीचे सुटतात, असं मी मनाशी धरलं होतं.

तू यातलं काही त्याला सांगू नकोस. तनयाचं चित्र मात्र मी परत करणार नाही. बाकीची तेरा पाठवतो आहे.

पंढरीनाथ


जयपूर, २० जानेवारी २००८

तीर्थस्वरूप सर,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र वाचून आधी राग आला. माझ्या वर्गाचा, माझ्या मुलांचा तुम्ही उपयोग करून घेतलात, आणि मी तुमच्या प्रत्येक ओळीला गुरुवाणी समजत होते. दोन दिवस मी उत्तर लिहून फाडत होते. मग राग उरला नाही, कारण अकरा वर्षांच्या वरुणने माझ्या पुड्यांच्या कागदांचं चित्र काढलं तेव्हा मीही ते आईला फोनवर दहा वेळा सांगितलं होतं. आपल्याला कुणीतरी बघतंय, एवढंच पुरतं माणसाला.

तुमचा शब्द मी पाळला. पण झालं ते वेगळंच.

संक्रांतीला दुपारी अलका तिळगूळ घेऊन आली, एकटीच. सगळी वस्ती पतंगांसाठी गच्चीवर होती, घरात आम्ही दोघीच. बसली, चहा घेतला, आणि एकदम म्हणाली, "कौमुदीताई, फलटणचे तुमचे सर म्हणजे माझे सासरे."

मी तिळगुळाची वाटी बाजूला सरकवली.

"ह्यांना वाटतं, त्यांनी मुद्दाम बोलावलं नाही. दहा वर्षं हे मनात तेच घेऊन बसलेत. पण मला माहिती होतं, ताई. सगळं नाही. थोडं. मी पलंगावर पडून असायची तेव्हा आई मला दुपारी फोन करायच्या, हे कामावर गेले की. एसटीडी बूथवरून. मागून गाड्यांचे आवाज यायचे, साताराऽ साताराऽ असं कुणीतरी ओरडायचं. मी विचारायची, आई, फलटण सोडून साताऱ्याला काय करताय? त्या म्हणायच्या, दाताचं काम आहे. बोलताना धाप लागायची. एकदा म्हणाल्या, शुभंकरला सांगू नकोस हं, उगाच निघून येईल. तू पडून राहा. तुझं पडून राहणं हे माझं औषध आहे."

"मग तू सांगितलं नाहीस?"

"मी घाबरले होते. हे गेले असते तर मी एकटी. मला ते मूल हवं होतं. दाताचंच असेल, असं मी स्वतःला समजावलं. आणि नंतर कुठल्या तोंडाने सांगू? मग वर्षं गेली. तनयाचं ते चित्र मी पाहिलेलं नाही, पण तिने सांगितलं मला काय काढलंय ते. तेव्हापासून झोप नाही."

सर, तुम्ही जिला वाचवत होतात त्या अलकाला हे दहा वर्षं थोडंफार ठाऊक होतं, आणि ती तुम्हाला दोष जाऊ देत होती. मी तिला एवढंच म्हटलं, "मला सांगून काय उपयोग, अलका? मी तुमची कोण?" तिने उरलेला चहा संपवला. मग उठली.

त्याच संध्याकाळी तिने त्यांना सांगितलं. परवा फोनवर म्हणाली की ते चिडले नाहीत. दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेले नाहीत. तनयाला शाळेतून लवकर आणलं आणि तिला समोर बसवून तिच्याकडे बघत राहिले. ती म्हणाली, "पप्पा, मी काय केलं?"

आज तनया वर्गाला आली होती. पुढचं मला माहीत नाही.

कौमुदी


जयपूर, २४ फेब्रुवारी २००८

तीर्थरूप अण्णा,

शिरसाष्टांग नमस्कार.

हे पाचवं पत्र. आधीची चार टाकली नाहीत.

राग गेला असं मला लिहिता येत नाही. तुम्ही पाच आठवडे मला सांगत होतात की आई देवळात गेलीय. मी इथून विचारायचो, कुठल्या देवळात, आणि तुम्ही देवळाचं नावही सांगायचात. ते विसरता येत नाही. पण राग कुणावर धरायचा ते आता कळेनासं झालंय. आईवर धरवत नाही. अलका रोज माझ्याकडे बघते, मी काही बोलेन म्हणून. तिच्यावर धरवत नाही. तनया तर बिचारी मला विचारते, मराठीत 'सॉरी' कसं म्हणतात.

रविवारचे फोन माझेच होते. पहिल्यांदा लावला तो भांडायला. तुमचा आवाज ऐकला आणि भांडण राहिलं. मग सवय लागली.

मला एक हवंय. त्या पाच आठवड्यांत आईला तुम्ही पाहिलंत, मी पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांपुढची आई अजून फलटणच्या स्टँडवर उभी आहे, लग्नानंतर आम्ही निघालो तेव्हाची. त्यानंतरची मला माहीत नाही. ती दवाखान्यात कशी होती, दिवसभर काय करायची, काय बोलायची ते लिहा. शूर होती, सोसलं, असलं काही नको. तुम्ही तिचं चित्र काढलं होतं का? असेल तर पाठवा.

मेमध्ये शाळेला सुट्टी लागली की येऊ का, ते विचारायचं आहे. तिघंही.

शुभंकर


फलटण, ६ मार्च २००८

चि. शुभंकर,

अनेक आशीर्वाद. मेमध्ये या. विचारायचं काय त्यात, पण विचारलंस ते बरं वाटलं.

चित्र काढलेलं नाही. वही नेली होती दवाखान्यात, पण हात मोकळे नसायचे. का ते सांगतो.

तुझ्या आईची खाट खिडकीशी होती. खिडकीतून एसटी स्टँडचं छप्पर दिसायचं. सकाळी सहाला ती जागी व्हायची आणि मला म्हणायची, चहा पिऊन या, मी कुठे जात नाही. शेजारच्या खाटेवर इंदुबाई म्हणून एक होती कोरेगावची, तिला वाचता यायचं नाही. तिच्या मुलाची पत्रं तुझी आई तिला वाचून दाखवायची. मुलगा फार थोडं लिहायचा. मग ही त्यात पदरची दोन-दोन वाक्यं घालायची. 'आई, तुझी भाकरी आठवते', असलं. मी म्हटलं, खोटं कशाला वाचतेस? ती म्हणाली, खोटं कसं, त्याला आठवतच असणार, लिहायचं राहिलं असेल.

दुपारी मी तिला धरून बूथपर्यंत न्यायचो. वीस पावलं होती, त्याला पाव तास लागायचा. अलकाशी बोलून आली की ती पोटावर हात ठेवून निजायची आणि बोटांवर महिने मोजायची. तुझं नाव ती घ्यायची नाही. एकदाच घेतलं, गुंगीत. तू शाळेतून आलास असं तिला वाटलं, आणि दार उघडायला उठायला लागली. मी म्हटलं, उघडलंय मी दार. मग निजली.

केसांचं तिला फार होतं, तुला माहीत आहे. आधी हात वर करून स्वतः वेणी घालायची. दुसऱ्या आठवड्यात हात वर जाईनात. परिचारिका ओढून बांधायची, ते तिला दुखायचं. म्हणाली, तुम्ही घाला. मी म्हटलं, मला येत नाही. म्हणाली, अडतीस वर्षं पोरांना रेघा शिकवल्यात, तीन पेड घालता येत नाहीत? पहिल्या दिवशी घातलेली वेणी तिने मान हलवली तशी सुटली. इंदुबाई हसली, ही पण हसली. मग रोज सकाळी एक तास आमचा तोच उद्योग. ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि सांगायची, डावा पेड वरून घ्या, ओढू नका, आता मधला. केस फार गळायचे. गळलेले मी तिला दिसू नयेत म्हणून खिशात ठेवायचो.

शेवटच्या दिवशी सकाळीही वेणी घातली. झाल्यावर तिने हात मागे नेऊन, मुळापासून टोकापर्यंत चाचपून बघितली. म्हणाली, "आता तुम्हाला येते." दुपारी बूथवर गेली नाही. चारला गेली.

एवढं आज लिहिलं. बाकीचं तू आलास की सांगेन. पुष्कळ आहे.

तनयाचे केस लांब आहेत का?

अण्णा